१६ इंची नळी आणि भाच्याचं काडतूस

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात धार काढत होतो, सकाळचे साडेसहा वाजलेले, म्हणजे त्याच्याकडं न्यूझीलंडला दुपारचे दोन, डिसेंबरात ते आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं असतात. तिथल्या दक्षिण बेटावर पश्चिम किनाऱ्याला एका डेअरी फार्मवर असतोय तो. घरची दोन म्हशींची धार नको म्हणून खानापूर सोडलं आणि तिथं जाऊन चारशे गायी पिळायलाय, असो. म्हणाला, "मामा, शिकारीची रायफल घ्यायलोय, नळी १६ इंचाची करून घेणार. काडतूस कुठलं घेऊ सांग."

मी सैन्यात आर्मरर होतो, २४ वर्षं. आर्मरर म्हटलं की गावात लोकांना वाटतं हा लई गोळ्या झाडून आलाय, खरं आमचं काम बंदूक दुरुस्त करायचं, गेज लावायचं, नळीत डोळा घालून बसायचं. म्हणून असला प्रश्न आला की मला बरं वाटतं. धार अर्धी टाकून नाही आलो तेवढंच.

पुढं जायच्या आधी एक गोष्ट, कारण हे वाचून इथला कोणीतरी उत्साही पोरगा भलतंच काहीतरी करायचा. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, विषय संपला. आमचं गाव जांबोटीच्या अंगाला, पलीकडं भीमगड अभयारण्य (२०११ ला झालं), गवे आणि डुकरं भातात येतातच, पीक राखायला लायसनची बंदूक काही घरांत आहे, ती आवाज काढायला. आणि नळी आखूड करणं म्हणाल तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं कलम ६ आहे, बंदुकीची नळी कापायला वेगळं लायसन लागतं, हॅक्सॉ घेऊन बसायचं काम नाही. आपल्याकडं निवड तरी कुठं असते म्हणा, बारा बोअर नाहीतर सरकारी कारखान्याची .३१५, आणि ते .३१५ काडतूससुद्धा निघालं ते .३०३ लष्करी म्हणून साध्या माणसाला मिळत नव्हतं म्हणून.

तिकडची गोष्ट उलटी. न्यूझीलंडला मूळचं जमिनीवरचं सस्तन जनावर म्हणजे फक्त वटवाघूळ. लाल हरीण १८५१ मध्ये बाहेरून नेऊन सोडलं, वाघ नाही बिबट्या नाही, मग ते वाढत सुटलं आणि जंगलाची कोवळी रोपं खाऊन टाकायला लागलं. त्यामुळं हरीण मारणं तिथं जंगल राखायचंच काम धरतात. माणसाला बंदुकीचं लायसन लागतं, सरकारी जंगलात जायचं परमिट फुकट मिळतं, आणि सायलेन्सर, ज्याचं नाव काढलं तर आपल्याकडं पोलीस घरी येतील, तो तिथं दुकानात उघड्यावर विकायला असतो. आमच्या शेजारच्या तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "थापा मारू नको."

आता भाच्याचं प्रकरण नीट सांगतो. त्याच्याकडं आधी मित्राची उसनी .३०-०६ काडतुसाची रायफल होती, २२ इंची नळी आणि पुढं सायलेन्सर. पश्चिम किनारा म्हणजे आपल्या कणकुंबीचा पाऊस धरा, वर्षभर ओल, बुंध्यांवर शेवाळ, आणि वेलींचं जाळं असं की माणूस वाकून जातो पण बंदूक अडकते. खांद्यावर लावली की टोक वर वेलीत, हातात धरली की पुढं झुडपात. म्हणून नळी १६ इंच, सायलेन्सर लावूनसुद्धा २२ च्या आसपास बसेल असा त्याचा हिशोब, आणि हा हिशोब मला पटला. १६ चाच आकडा का तर तो अमेरिकेतून आलाय, तिथं १९३४ च्या कायद्यानं १६ इंचाच्या खालची रायफल वेगळ्या नोंदणीत जाते म्हणून सगळे कारखाने १६ ला थांबतात. न्यूझीलंडला नळीचं तसं बंधन नाही, तिथं पूर्ण बंदूक ७६२ मिलिमीटरच्या खाली गेली की ती पिस्तूल धरतात, तेवढं सांभाळायचं.

मी त्याला काडतूस सांगितलंच नाही. उलट विचारलं, "तू आजपर्यंत जी हरणं पाडलीस ती किती अंतरावर होती ते सांग बघू, कल्पनेतली नको." त्यानं आठवून सांगितलं, सात हरणं, पाच शंभर मीटरच्या आत, एक दीडशेला, एक नदीच्या पात्रात पलीकडच्या काठाला २१० ला. बास, निम्मं काम इथंच झालं. सगळ्यात लांबचं २१०. पण माणूस बंदूक घेतो ती न मारलेल्या हरणासाठी, हे मी फौजेतसुद्धा बघितलंय.

दुकानदारानं त्याला ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम सुचवलेली. कारण काय तर "नळी कापली की वेग जातो, मग आधीच जास्त वेगाचं घे, कापूनही उरेल." फार्मवरच्या दुसऱ्या पोरानं अगदी दुसरं टोक सांगितलेलं, .३०० ब्लॅकआउट, "ते आखूड नळीसाठीच बनवलंय." दोघंही खोटं बोलत नव्हते हीच अडचण होती.

इथं मला आमच्या आज्ज्याची ठासणीची बंदूक आठवते. तिची नळी तोंडाला फाटली होती कधीतरी, कुणीतरी हातभर कापून टाकली, ही आर्म्स ॲक्टच्या फार आधीची गोष्ट. आज्जा सांगायचा, कापल्यापासून रात्री बार काढला की पुढं दिवटी पेटल्यागत जाळ निघायचा, कानठळ्या बसायच्या, आणि छर्रे मात्र कुंपणापर्यंत जाऊन दमायचे. पोरांना वाटायचं बंदूक ताकदवान झाली, आवाज वाढला ना. दारू नळीच्या आत जळली तर ती गोळीला ढकलते, बाहेर जळली तर फक्त उजेड पाडते. दुसऱ्या महायुद्धात साहेबाच्या कारखान्यांनी .३०३ ची २५ इंची नळी एकोणीसच्या आत आणून १९४४ ला जंगल कार्बाईन काढली, तिला पुढं नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर लावावा लागला तो याच जाळासाठी, आणि खांद्याला लाथ अशी की लोक आजही शिव्या घालतात.

तर हिशोब कसा करायचा. काडतुसाच्या पितळी घराच्या आत जेवढी जागा, त्याच्या किती पट जागा गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत गॅसला मिळते ते काढायचं. याला एक्स्पान्शन रेशो म्हणतात. मोठं घर आणि बारीक नळी असेल तर हा आकडा लहान येतो, म्हणजे गॅसचा जोर संपायच्या आधीच गोळी बाहेर पडते, उरलेला जोर हवेत. लहान घर आणि रुंद नळी असेल तर आकडा मोठा, आखूड नळीतसुद्धा बहुतेक जोर वसूल होतो. तांब्यातलं पाणी बारीक नळीनं काढायचं की रुंद पाईपनं, असं मी त्याला सांगितलं, आणि मग ऊसतोडणीच्या चिठ्ठीच्या मागं सगळ्यांचे आकडे काढले, सगळे १६ इंचाला धरून.

७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमचा आला साडेतीन-पावणेचार. .२४३ विंचेस्टरचा चार. ६.५ क्रीडमूरचा पावणेपाच. ७ एमएम-०८ चा सव्वापाचच्या वर थोडा. .३०८ विंचेस्टरचा पावणेसहा. आणि .३०० ब्लॅकआउटचा बारा. हे अंदाजाचे आकडे आहेत, पितळाच्या जाडीप्रमाणं थोडं इकडंतिकडं होतंय. पण यातली गंमत अशी की मी तीच ७ एमएम मॅग्नम २६ इंची नळीला काढून बघितली तर साडेपाच-पावणेसहा आला. म्हणजे मॅग्नमला जे जमायला २६ इंच लागतात ते .३०८ ला १६ इंचातच जमतंय. हे बघून मी स्वतः दोनदा हिशोब तपासला, चूक नव्हती.

आता इथं एक चूक बरेच जण करतात, अनुभवी लोकसुद्धा. त्यांना वाटतं मॅग्नम आखूड केली की ती लहान काडतुसापेक्षा मागं पडते. पडत नाही. १५० ग्रेनची गोळी (सुमारे पावणेदहा ग्रॅम) मॅग्नममधून २४ इंचाला सेकंदाला ३,११० फूट जाते, इंचाला ३५ फूट गेले असं धरलं तरी १६ ला २,८०० च्या वरच राहते, आणि .३०८ तेवढ्याच नळीतून २,६०० च्या थोडं वर. पुढंच आहे ती. प्रश्न हा की या दोनशे फुटांची किंमत काय. .३०८ मध्ये ४५ ग्रेनच्या आसपास दारू, मॅग्नममध्ये साठाच्या वर. हे जे जास्तीचं जळतंय त्यातलं बरंच सायलेन्सरच्या तोंडावर जाऊन आदळणार, आत पहिली जी बॅफल, म्हणजे गॅस अडवणारी चकती, असते तिला दर बाराला भट्टी. सायलेन्सर गॅसचा दाब गिळतो, नळी जेवढी आखूड तेवढा दाब तोंडाशी जास्त, म्हणजे आवाजही जास्त. वर बंदूक हलकी पाहिजे म्हणून तर कापतोय, मग लाथही जास्त. सात हरणांतलं एकही २१० च्या पुढं नाही आणि हा दोनशे फुटांसाठी एवढं सगळं सहन करणार.

.३०० ब्लॅकआउटबद्दल मला थोडं प्रेम आहे, कारण ते डोकं लावून केलेलं काम आहे. २०११ मध्ये ते प्रमाणित झालं, ५.५६ च्याच घराचं तोंड मोठं करून ३० कॅलिबरची गोळी बसवलेली, दारू पिस्तुलाच्या जातीची पटकन जळणारी, आठनऊ इंचातच तिचं काम बहुतेक आटपतंय. खरं दारूच थोडी, त्यामुळं १२५ ग्रेनची गोळी १६ इंचातून २,२०० च्या आसपास. दीडशे यार्डांपर्यंत ठीक, पुढं हरणाच्या अंगात गोळी उघडण्याइतका, म्हणजे टोक फुलण्याइतका, वेग राहतो का ते गोळीगोळीवर आहे. आणि त्या पोरानं जी सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणारी, सांगितलेली, २२० ग्रेन, हजार फुटाची, ती ऐकायला मजा, सायलेन्सर लावून नुसता टपकन आवाज येतो म्हणे, पण ऊर्जा काढून बघा, ४९० फूट-पौंड येते, .३०८ च्या तोंडाशी २,३०० च्या वर. लाल हरणाचा नर म्हणजे आपला सांबर धरा अंगानं. त्याच्यावर ते मारणं मला पटत नाही. २१० मीटरवरचं हरीण आणि ब्लॅकआउट हे जुळत नाही एवढं सांगून मी ते बाजूला काढलं.

मधली राहिली चार. ६.५ क्रीडमूर हल्ली सगळीकडं गाजतंय, २००७ चं पोर, लांब अंतरावर कागदाला भोकं पाडायला बनवलेलं, लांब बारीक गोळी वारा कमी खाते. १६ इंचात वाईट नाही अजिबात. पण त्याचं जे खरं सोनं आहे ते तीनशेच्या पुढं दिसतंय, आणि तिथं हा जाणार नाही. .२४३ म्हणजे बारीक नळी, कापली की जास्त रडते. उरले .३०८ (१९५२) आणि ७ एमएम-०८ (१९८०), ही एकाच आईची पोरं, .३०८ च्याच घराचं तोंड आवळून ७ एमएम-०८ केलंय, .२४३ सुद्धा त्याच घरातलं, १९५५ चं. भाच्याला ७ एमएम-०८ आवडलेलं, लाथ थोडी कमी, गोळी थोडी सपाट जाते, कागदावर तेच उजवं. मला विचाराल तर मीही हो म्हणालो असतो.

मग मी त्याला म्हटलं, "तुझ्या जवळच्या गावातल्या दुकानात जा आणि फळीवर कुठल्या काडतुसाचे किती डबे, किती तऱ्हेचे आहेत ते मोजून ये. फोटो काढून पाठव." फोटो आला. .३०८ च्या नऊ तऱ्हा, ७ एमएम-०८ च्या दोन, त्यातली एक संपलेली, नुसता दराचा कागद. पुढचं मोठं दुकान गाडीनं तीन तासावर. आखूड नळीला कुठली गोळी बसते ते डबे बदलून बघूनच कळतं, त्यामुळं फळीवर नऊ तऱ्हा असणं हे इंचाला पाच फूट वेगापेक्षा मोठं आहे. ठरलं, .३०८. यात माझा थोडा पक्षपात असेलही, मी आयुष्यभर फौजेची एसएलआर रायफल हाताळली, तिचं काडतूस ७.६२ बाय ५१, नळी साधारण २१ इंच, .३०८ त्या काडतुसाचं सख्खं भावंड. सख्खं म्हणतो, जुळं नाही, चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) मापं आणि दाबाचे आकडे थोडे वेगळे असतात, लष्करी आणि बाजारू डबे डोळे झाकून अदलाबदल करायचे नसतात, आमच्याकडं हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आणखी एक शंका त्याला होती ती बऱ्याच जणांना असते, आखूड नळीनं नेम बिघडतो का. नाही बिघडत. उलट त्याच जाडीची नळी आखूड असेल तर जास्त ताठ, कमी थरथरते. नेम बिघडतो तो उघड्या साइटची मागची-पुढची खूण जवळ येते म्हणून, दुर्बीण असेल तर तो मुद्दाच उरत नाही. बिघाड व्हायचा तर कापणाऱ्या माणसाच्या हातानं होतो, नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, ते वाकडं कापलं तर गॅस एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला ढुशी देतो. त्याच्या कारागिरानं लेथवर नीट केलं, मी व्हिडिओ कॉलवर क्राउन बघितला, नेटवर्क तीन वेळा तुटलं, आमच्याकडं रेंज फक्त चिंचेच्या झाडाखाली येते.

फेब्रुवारीत त्यानं क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, उसना आणला. मी म्हटलं होतं, मोजल्याशिवाय जंगलात जायचं नाही. १५० ग्रेनची साधी मऊ टोकाची गोळी, डब्यावर लिहिलेलं २,८२०, बारीक अक्षरात २४ इंची नळी. पाच बारांची सरासरी आली २,६२८. म्हणजे आठ इंचाला १९२, इंचाला २४. तो नाराज. "मामा, दोनशे फूट गेले की रे."

मी त्याला डब्याच्या मागचा तक्ता वाचायला लावला. तोंडाशी २,८२०, शंभर यार्डांवर २,५३३, दोनशेवर २,२६३, तीनशेवर २,००९. आता बघ, तुझी गोळी २,६२८ नं निघते. तक्त्यात हा वेग कुठं आहे? पासष्ट-सत्तर यार्डांवर. म्हणजे लांब नळीची बंदूक घेऊन तू पासष्ट-सत्तर यार्ड मागं उभा आहेस, एवढाच फरक. हरीण शंभरावर असेल तर गोळीच्या लेखी ते एकशे सत्तरला आहे. "एवढंच?" म्हणाला. एवढंच. वेग गेला म्हटलं की छातीत धस्स होतंय, अंतरात सांगितलं की माणूस शांत होतो, हे मला वाटतं या सगळ्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे म्हणून इथं लिहून ठेवतोय. मऊ टोकाची गोळी अंगात नीट उघडायला साधारण १,८०० फूट लागतात, तक्त्यात ते चारशेच्या थोडं अलीकडं, त्यातनं सत्तर वजा, ३२० यार्ड. त्यातनं थंडी-वारा-धाप यांचे काढून आम्ही हद्द घातली २२० मीटर. त्यानं ती दस्त्यावर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिली.

इथपर्यंत सगळं ठीक आणि मला वाटलं प्रकरण मिटलं.

एप्रिलच्या सुरुवातीला तिथं नर हरणं डरकाळ्या फोडतात, माजाचे दिवस, सगळे शिकारी सुट्टी काढून जातात. हा पण गेला. आणि चौथ्या दिवशी फोन, आवाज पडलेला. एक मादी, नदीच्या पलीकडं दरड कोसळलेली जागा असते ना तिच्या कडेला, बार बसला, तिनं पाठ आखडली आणि सरळ झाडीत. दोन तास शोधली, नेच्यांच्या गर्दीत दीडशे मीटरवर सापडली, तोपर्यंत जीव होता तिच्यात. तो पुढचं बोललाच नाही थोडा वेळ. मग म्हणाला, "मामा, .३०८ चूक झालं. मॅग्नम पाहिजे होतं."

फौजेत काही बिघडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, तशी मी बसवली. पहिला प्रश्न, अंतर. थोडा आढेवेढे घेत म्हणाला २६०. लेझरनं मोजलेलं? हो. म्हणजे चिकटपट्टीवर लिहिलेल्यापेक्षा ४० मीटर पुढं. दुसरा, गोळी कुठं लागली? दोन्ही फुप्फुसांतनं, जागा बरोबर. फोटो बघितला, आत गेलेलं भोक आणि बाहेर पडलेलं भोक जवळजवळ सारखंच, बोरूच्या जाडीचं. इथं माझ्या डोक्यात वीज चमकली, मऊ टोकाची गोळी असं भोक पाडत नाही, ती आत फुलते. तिसरा प्रश्न, डबा कुठला? गप्प. मग निघालं. बायको बाळंत झालेली, घरात लहान बाळ, शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात हे तिनं कुठंतरी वाचलं (आणि ते बरोबर आहे, एक्स-रे मध्ये दिसतात), म्हणून यानं निव्वळ तांब्याची गोळी घेतली, १६५ ग्रेनची, दुकानदार म्हणाला वजनदार असली की हरीण जागेवर बसतंय. मला न विचारता. शून्य मात्र, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी एका ठिकाणी आणणं, नीट लावून घेतलेलं शंभरावर, तेवढी अक्कल होती.

तांब्याच्या गोळीला उघडायला शिशापेक्षा जास्त वेग लागतो. डब्यावरच लिहिलेलं, किमान २,०००. आणि ती वजनदार, म्हणून मुळात हळू निघणार. त्यानं तिचाही वेग मोजला नव्हता, माझ्या आग्रहानं नंतर मोजला, २,४७०. तिथून २६० मीटरवर, म्हणजे २८४ यार्डांवर, माझ्या हिशोबानं १,९०० च्या आसपास. न उघडता सुईसारखी आरपार गेली. २४ इंची नळी असती तर तीच गोळी दोनशे फूट जास्त वेगानं निघून कदाचित उघडली असती, आणि मग हा आयुष्यभर म्हणत राहिला असता की वजनदार तांब्याची गोळी एक नंबर. आखूड नळीनं गोळीची चूक उघडी पाडली.

माझीही चूक यात आहे ती लपवत नाही. मी महिनाभर काडतूस काडतूस करत बसलो, १६ इंचाला गोळीची जात काडतुसाएवढीच महत्त्वाची आहे हे मला माहीत असून मी त्याला बजावून सांगितलं नाही, "१५० ची मऊ घे" एवढंच सांगितलं, का ते नाही. कारण सांगितलं नाही की माणूस डबा बदलतो. बायको बाळासाठी म्हणेल आणि हा बदलणार नाही असं होतंय का कुठं.

शिशाकडं परत जायचं नाही हे घरात ठरलेलं, ते मी मोडायला गेलो नाही, बहिणीची सून ती आणि तिचं बरोबर होतं. मग तांबंच, पण हलकं. तांबं शिशापेक्षा चिवट असतंय, उघडल्यावर तुकडे पडत नाहीत, त्यामुळं कमी वजनातही खोल जातं, म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरायला काही हरकत नसते. १३० ग्रेन. फळीवरच्या नऊ तऱ्हांमध्ये ती होती, बघा, ७ एमएम-०८ घेतलं असतं तर आता तीन तास गाडी हाकत गेला असता. क्रोनोग्राफवर २,८४०. २५० यार्डांवर, म्हणजे आमच्या हद्दीच्या थोडं पुढंच, २,२०० च्या आसपास राहतात, उघडायच्या वेगापेक्षा दोनशेनं वर. शंभर मीटरवर जुन्या शून्यापेक्षा सहा-सात सेंटीमीटर वर बसायला लागली, दुर्बिणीचे क्लिक फिरवून खाली आणली. डबा बदलला की हे करायलाच लागतं, एवढं तरी त्याला आता सांगायला लागत नाही.

मे मध्ये एक नर, ९० मीटर, वेलींच्या आत, जिथं लांब बंदूक वर करता आली नसती. वीस पावलं गेला आणि बसला. बाहेरचं भोक रुपयापेक्षा मोठं. जूनमध्ये एक मादी १८० ला, जागेवर. दोन हरणांवरून शहाणपण सांगू नये हे मला कळतं, आणि त्यालाही मी तेच म्हटलं.

सायलेन्सरचं एक राहिलं. सायलेन्सर असूनही तो कानात बोळे घालत नव्हता, म्हणाला आवाज येतच नाही. येतोय. सायलेन्सर पंचवीस-तीस डेसिबल खातो, .३०८ चा उघडा बार १६० च्या वर, आणि कान १४० च्या आसपास खराब व्हायला लागतात, त्यात नळी आखूड. मी त्याला माझा डावा कान दाखवला व्हिडिओवर, म्हणजे कानात काय दिसणार म्हणा, पण त्याला माहीत आहे त्या बाजूनं हाक मारली की मी वळत नाही. आता घालतो म्हणतोय.

परवा परत फोन होता. फार्मवर ससे लई झालेत, .२२३ घ्यायलाय, तिची नळी १२ इंचावर आणू का म्हणून विचारायलाय. मी म्हटलं किती अंतरावरचे ससे मारलेस आजपर्यंत ते आधी लिहून पाठव, तवर मला धार काढू दे.